सागाच्या फळीतला किडा

आप्पा, तुमची होडी आता नाही.

गावात सगळ्यांना हे माहीत आहे. रेतीवर बसली आणि मोडली, एवढंच लोकांना ठाऊक आहे. आईलाही आम्ही तेवढंच सांगितलं. ती निवडायला घेतलेला तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "त्यांच्या हातची हुती, लय टिकली," आणि पुन्हा सूप हातात घेतलं. पण ती कशी मोडली, मोडायच्या आधी तिच्यात किती माणसं बसली होती आणि त्यांच्या पायाखाली काय उरलं होतं, हे फक्त मला आणि तुमच्या मुलाला माहीत आहे. आम्ही दोघं ते आपसातही बोलत नाही. फोनवर तो म्हणतो, "ताय, बरी हायस ना?" मी म्हणते, बरी आहे. मी बरी नाही आप्पा. मला भीती वाटते, आणि त्या भीतीचं तुमच्याशिवाय कोणाला काही कळेल असं मला वाटत नाही.

आधी माझ्या कामाचं सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. मी नवी मुंबईत एका प्रयोगशाळेत काम करते, आणि तिथे मी किडे पाळते. खाडीतला किडा, लाकडात शिरणारा, तुम्ही ज्याचं नावसुद्धा घ्यायचा नाहीत, नुसतं 'तो' म्हणायचात, तोच. खाऱ्या पाण्याच्या टाक्या आहेत, त्यांत आम्ही लाकडाचे ठोकळे सोडतो, आणि ठोकळे पोखरून झाले की मी ते फोडून त्यांना बाहेर काढते. तो किडा नाहीच मुळी, शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे. शिंपला त्याच्या डोक्याशी दोन बारीक पात्यांएवढा उरलाय, त्याच पात्यांनी तो लाकूड कातरत पुढे जातो. कातरलेलं खातो. आणि ते पचवायला लागणारा रस त्याचं पोट एकटं तयार करत नाही. त्याच्या कल्ल्यांत जिवाणू वस्तीला असतात, ते रस बनवतात, आणि तो रस कसा कोण जाणे पोटात उतरतो. आम्हाला तो रस हवा असतो. लाकूड म्हणजे शेवटी साखरच असते आप्पा, एकीला एक घट्ट विणलेली, वरून चिवट लेप दिलेली, म्हणून आपल्याला गोड लागत नाही. त्या रसाने वीण सुटते. भाताचा पेंढा, गिरणीतला भुसा, त्यातून साखर काढायची आणि साखरेपासून गाडीत घालायचं इंधन बनवायचं, असं ते काम आहे. मोठी माणसं बघायला येतात. मी पांढरा कोट घालून त्यांना टाक्या दाखवते. तुम्ही जन्मभर ज्याला जाळलंत त्याला मी जन्मभर खाऊ घालते, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण ते विचित्र वाटायचं, एवढंच. भीती वाटत नव्हती.

भीती म्हटलं की मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी तिसरीत का चौथीत आहे. बंदरावर तुम्ही कुणाच्या तरी होडीची फळी उपसून टाकली आहे, आणि तिच्यातून मी एक लांबलचक, पांढरट, मऊ जीव अलगद ओढून काढला आहे, अख्खा, न तुटता. मला त्याचा केवढा अभिमान वाटतो आहे. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत समुद्राचं पाणी घालून मी तो घरी आणते आणि मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवते. आई बघते, नाक मुरडते. तुम्ही दुपारी जेवायला येता, पाटावर बसता, आणि तुमचा हात ताटाकडे जाता जाता थांबतो.

"ही कोनी आनली?"

"मी."

"घरात लाकूड हाय आपल्या. दार हाय, पाट हाय, बारक्याचा पालना हाय. ह्याला घरात आनतात?"

आई म्हणते, "अवो, बरनीतला किडा दाराला कसा लागंल? त्याला खारं पानी लागतं ना?"

तुम्ही उठता, बरणी उचलता आणि आहे तशी चुलीत ओतता. चर्र आवाज होतो, घरभर वाफ आणि राख. मग तुम्ही मोरीत जाऊन साबणाने हात धुता. पुन्हा धुता. कोपरापर्यंत. मी रडते, मला वाटतं तुम्ही रागावलात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत हे मला बऱ्याच वर्षांनी आठवलं, आणि रागावलेला माणूस इतके हात धूत नाही हेही.

बंदरावर तुम्ही होडीच्या पोटाखाली उताणे पडायचात, लाकूड तासायच्या वाकसाच्या पाठीने एकेक फळी ठोकत जायचात आणि कान लावायचात. धड फळी बोलते, म्हणायचात. एका नाखव्याच्या होडीच्या वेळचं आठवतं. तो मालक रंगाचे डबे घेऊन उभा होता, नारळी पुनवेला पाण्यात घालायची घाई होती, आणि तुम्ही खालून बाहेर येऊन म्हणालात, "डाव्या अंगाच्या तीन फल्या बोलत न्हायत. मी सोडायची न्हाय हिला." तो हसला. "सुतारा, तुला सगलीकडं त्योच दिसतो." त्याने दुसऱ्याकडून रंग मारून घेतला आणि होडी सोडली. तो अख्खा मोसम ती होडी रोज गेली आणि रोज आली. लोक तुमची चेष्टा करायचे, दोन-तीन नाखव्यांनी तुमच्याकडे काम देणंही बंद केलं. आणि तुम्ही मात्र रोज संध्याकाळी किनाऱ्यावर उभे राहून त्याच होडीची वाट बघायचात, ती दिसली की घरी यायचात. मी एकदा विचारलं, आप्पा, ती येते ना रोज, मग कशाला थांबता? तुम्ही म्हणालात, "येते रोज, म्हनून तर भ्या वाटतं." मला ते हसण्यावारी नेण्याजोगं वाटलं होतं.

तसंच ते पाचरीचं. मला मुंबईला कॉलेजात पोचवायला तुम्ही रेवसपर्यंत आलात. लाँचमध्ये चढायच्या आधी तुम्ही वाकून तिच्या फळीवर मुठीने ठोकलंत, तेव्हा तिकिटवाला ओरडला, "ओ काका, दार न्हाय ते! आत कोन न्हाय!" सगळे हसले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तुम्ही पिशवीतून बाभळीची एक पाचर काढून माझ्या हातात दिलीत, गुळगुळीत तासलेली, तेल लावलेली. म्हणालात, "खोलीत निजताना आतनं दाराखाली ठोकायची. कडीवर इस्वास ठेवू नको." इतर मुलींच्या वडलांनी घड्याळं दिली होती. पहिला आठवडाभर मी ती रोज ठोकली, मग मैत्रिणींनी विचारलं हे काय म्हणून, तेव्हा पेटीच्या तळाशी ठेवून दिली. पाचर ठोकणारी मुलगी मला व्हायचं नव्हतं. मला वाटायचं, शिकलं की भीती जाते. कशात काय असतं ते कळलं की अंधार राहत नाही.

आता होडीचं सांगते.

दुसऱ्यांच्या होड्या बांधून झाल्यावर तुम्ही स्वतःसाठी बांधलेली ती एकच. तुमच्यामागे, मोठा झाल्यावर, तुमच्या मुलाने ती चालवली. आधी मासळी, मग किल्ला बघायला येणारे पर्यटक. इतकी वर्षं त्याने ती तुमच्यासारखीच जपली. पावसाळ्यात वर चढवायची, खालून झावळ्यांचा जाळ द्यायचा, तेल द्यायचं. पण चढवायला पंधरा-वीस माणसं लागतात, आणि तेवढी माणसं आता गावात असतात कुठे? काही वर्षांपूर्वी त्याने खालून सगळीला फायबरचा लेप देऊन घेतला. फार खूश होता. मला म्हणाला, "ताय, आता तुझा किडा शिरंल कुठनं? काचंच्या बरनीत ठेवल्यावानी हाय होडी." तेव्हापासून त्याने ती पावसाळ्यात वर घेणं सोडलं. खाडीत आत, तिवरांच्या आडोशाला बांधून ठेवायचा. मी म्हणायची, तरी वर घे रे. तो म्हणायचा, "कशाला?"  लेप धड असेल तर किडा शिरत नाही, हे खरंच होतं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी मुलीला घेऊन घरी गेले. तुमची नात आता सहावीत आहे, तुम्ही तिला बघितलेलं नाही. तिला मामाच्या होडीतून किल्ल्यावर जायचं होतं. सकाळी धक्क्यावर गर्दी होती, होडी भरत होती, आणि पायरीवर उभी असताना लाटेने होडी जराशी कलली तेव्हा मला पाण्याखालच्या अंगाला एक ओरखडा दिसला. हातभर लांब. लेपाचे केस बाहेर आलेले. मी भावाला विचारलं, हे कधीचं? "गेल्या साली खडकाला घासली. बारीक हाय गं. मारीन लेप मोसम संपल्यावर." मी पुन्हा बघितलं. त्या प्राण्याचं पिल्लू टाचणीच्या टोकाएवढं असतं. शिरताना तेवढंच भोक पाडतं आणि मग आत शिरून मोठं होतं, बाहेरचं भोक मात्र तेवढंच राहतं. हे मी पाहुण्यांना किती वेळा सांगितलं असेल. वर्षभर उघडा ओरखडा.  पण मुलगी आत जाऊन बसली होती, मागून माणसं रेटत होती, भाऊ ओरडत होता, "चला चला, मधी बसा," आणि मी चढले.

निम्म्या वाटेत असू. ऊन चांगलं होतं, वारा बेताचा, इंजिन चालू. मुलीची केसांतली पिन पडली आणि पायाखालच्या फळ्यांच्या फटीतून खाली गेली. ती मागे लागली, आई, काढ ना. मी वाकले, एक फळी उचलली. खाली थोडं पाणी होतं, ते लाकडी होडीत असतंच. पिन दिसली नाही म्हणून मी चाचपत हात पुढे नेला, आधाराला अंगठा होडीच्या पठाणाजवळ टेकवला, पठाण म्हणजे तिचा कणाच, त्याच्या लगतच्या फळीवर, आणि अंगठा आत गेला.

जोर लावला नव्हता आप्पा. नुसता टेकवला होता. खारी बिस्किटात जावा तसा गेला, पहिल्या पेरापर्यंत. आत गार होतं, आणि काहीतरी टोचलं. तो जीव आपल्या बोगद्याला आतून चुन्याचा गिलावा करत जातो, अंड्याच्या टरफलासारखा पातळ. त्याच्या तुटक्या कडा बोटाला लागल्या की कशा लागतात, ते माझ्या हाताला पाठ आहे. दर आठवड्याला मी ठोकळे फोडते. माझ्या हाताने आधी ओळखलं, मग मला कळलं. मी अंगठा बाहेर काढला तशी त्या जागेतून पाणी वर आलं, फार नाही, उदबत्तीच्या काडीएवढी धार. फळी नव्हतीच. फळीचा आकार उरला होता. आमच्या आणि समुद्राच्या मध्ये फायबरचं एक साल होतं, आणि त्याला कुठेतरी हातभर ओरखडा होता.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही असेल. समोर एक आजोबा टोपी धरून बसले होते, एका बाईच्या मांडीवर मूल झोपलेलं, मुलं फोटो काढत होती. मी ओरडले असते तर सगळे एकदम उठले असते, एका अंगाला गेले असते. मी ओढणी काढली, तिचा बोळा करून त्या जागेवर दाबला, वर माझी चप्पल ठेवली, मुलीला म्हटलं, "ह्यावर पाय ठेवून बस. उचलायचा नाही. मी आले." आणि माणसांमधून वाट काढत मागे गेले.

"इंजिन बंद कर."

"काय झालं?"

"हळू बोल. पठाणाजवळची फळी गेली."

तो हसला. तुम्हाला माहीत आहे, तो भ्यायला की आधी हसतो. मी त्याच्यासमोर अंगठा धरला. नखात चुन्याचे पांढरे कण होते आणि ओला भुगा. त्याने अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. इंजिन बंद केलं. "सुकानू धर," म्हणाला, आणि पुढे गेला. मी सुकाणू धरून उभी राहिले. तो वाकला, जणू काही दोरी शोधतोय अशा बेताने इकडे तिकडे हात घालत मागे आला. 

"बाजूची पन गेली."

"किती?"

"हात घातला तिथं गेली. ताय, इंजिन बसवलंय त्या लाकडाखाली पन..." 

मी म्हटलं, दुसरी होडी बोलाव, मोबाइल आहे ना. तो म्हणाला, "बाजूला होडी लागली की समदी उठतील. उठली का ही बसली." धक्क्यावर न्यायची सोय नव्हती, तिथे पायऱ्यांना आपटते. भरती लागली होती. खाडीच्या तोंडाशी रेतीची पुळण आहे, तिथवर पाण्याच्या ओढीने जाईल, शिडाला हात लावायचा नाही, इंजिन सुरू करायचं नाही, असं त्याने ठरवलं. जाकिटं बाकांखाली होती, धुळीने भरलेली, कोणी घातली नव्हती. आणि तेव्हा त्याला जे सुचलं ते तुम्हालाही सुचलं नसतं. तो मोठ्याने ओरडला, "चला, समद्यांनी जाकिटं घाला! फुडं तपासनी हाय! सायेब आलेत, दंड लावतील!" लोक कुरकुरले, एकीने जाकिटाचा वास येतो म्हणून नाक धरलं, पण दंडाच्या नावाने सगळ्यांनी घातली. मी मुलीच्या जाकिटाचे पट्टे दोनदा आवळले. आम्हा दोघांना उरली नाहीत.

मग मी परत जागेवर येऊन त्या चपलेवर पाय ठेवला आणि बसले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. होडी फिरत, रेंगाळत आत जात होती. एक गृहस्थ म्हणाले, "काय हो, इंजिन बिघडलं का तुमचं?" भाऊ म्हणाला, "भरती हाय, आपसूक जाते." "पण किल्ला तर तिकडे राहिला!" "तपासनी झाली का जाऊ." पाणी पायाखालच्या फळ्यांवर आलं. मूल मांडीवर असलेल्या बाईने माझ्याकडे बघितलं. "ताई, पाणी येतंय का?" मी म्हटलं, लाकडी होडीत थोडं असतंच. माझा आवाज अगदी पाहुण्यांना टाक्या दाखवतानासारखा होता. त्या आवाजावर तिने विश्वास ठेवला आणि मुलाच्या अंगावर पदर घातला. आप्पा, मला तो पदर अजून दिसतो.

माझ्या चपलेखाली काय चाललंय ते मला दिसत होतं. इतकं शिकल्यामुळे दिसत होतं. ते जीव कधी एकमेकांच्या बोगद्यात घुसत नाहीत, शेजाऱ्याची चाहूल लागली की वळतात, म्हणून फळीत इंचभर जागा न सोडता भरतात आणि तरी पातळ पातळ भिंती ठेवतात. त्या भिंतींवर चाळीसेक माणसं बसली होती. एक लाट जरा मोठी आली, होडी खालून वाकली, आणि मला वाटलं झालं. ती पुन्हा सरळ झाली. मी मुलीचा हात धरला होता. ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "आई, तुझा पाय का थरथरतोय?" मी म्हटलं, इंजिनमुळे. ती म्हणाली, "इंजिन बंद आहे."

  तिने आपला पाय उचलून माझ्या पायावर ठेवला आणि दाबून धरला.

पुळण लागली तेव्हा आधी रेती घासल्याचा आवाज आला, आणि मग खालून एक लांब, ओला, मोठ्ठा आवाज, झाडाची फांदी मोडावी तसा नाही, पावाची लादी हाताने तोडावी तसा. पाणी एकदम गुडघ्यापर्यंत आलं. किंचाळ्या झाल्या, पण तोवर भाऊ उडी मारून खाली उभा होता, पाणी त्याच्या मांडीएवढंच होतं. "उतरा, रेती हाय, काय न्हाय झालं!" एकेकाला उतरवलं. आजोबांना त्याने पाठीवर घेतलं. लोक चिडले होते. बूट भिजले, पर्समध्ये पाणी गेलं, किल्ला बघायला मिळाला नाही. एक मुलगा कललेल्या होडीसमोर उभा राहून स्वतःचा फोटो काढत होता. त्यांच्यातल्या कोणालाही कळलं नाही, आप्पा. ते घरी जाऊन सांगतील, होडीवाला फालतू होता.

ओहोटीला होडी उघडी पडली तेव्हा आम्ही दोघंच होतो. मुलीला आईकडे पाठवलं होतं. भावाने पहार घेतली आणि लेप सोलला. साल निघालं आणि खालून फळी ओंजळीने काढता येईल अशी बाहेर आली. माझ्या मनात एक आशा होती, ती तुम्हाला सांगते. मला वाटत होतं, ही नंतर कधीतरी बदललेली फळी असेल, कुठल्यातरी स्वस्त लाकडाची, सालीलगतच्या पांढऱ्या भागाची. तुम्ही नेहमी सांगायचात, सागाच्या गाभ्याला तो शिवत नाही. पुस्तकातही तसंच आहे. झाडाच्या आतल्या पेशी मरताना गाभ्यात एक प्रकारचं विष साठवून जातात, मेल्यानंतर झाडाला तेच राखतं. पण भाऊ म्हणाला, "आप्पांची हाय ही. मी हात लावला न्हवता हिकडं." आणि कडेच्या उरलेल्या तुकड्यात तो तपकिरी, तेलकट गाभाच होता. इतकी वर्षं पाण्यात राहून ते विष हळूहळू धुपून जातं, हेही मला माहीत होतं. प्रयोगशाळेत मी सागाचे ठोकळेच देते त्यांना. आंबा महिनाभरात संपतो, सागाला वेळ लागतो. वेळच लागतो फक्त. हे मी तुमच्या होडीशी कधी जोडून बघितलं नव्हतं.

भावाने एक तुकडा उन्हात धरला. त्यातून बोगदेच बोगदे, पांढरे, गुळगुळीत, एकमेकांना चुकवत गेलेले. काहींत ते जिवंत होते, आत ओढून घेत होते स्वतःला. तो म्हणाला, "हेच पालतेस ना तू?"

"हो."

"काय खायला देतेस?"

मी सांगितलं नाही. तो म्हणाला, "मग ने ह्यांना. तुझ्या कामाचे हायत." रागाने म्हणाला नाही, खरंच विचारल्यासारखं म्हणाला. मी नाही म्हणून मान हलवली. आम्ही झावळ्या गोळा केल्या आणि सगळ्या फळ्या तिथेच जाळल्या. भाऊ धुराकडे पाठ करून बसला होता, खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो म्हणाला, "ताय, बाईच्या मांडीवर पोर व्हतं." मग आम्ही पुन्हा कधी त्याबद्दल बोललो नाही.

कामावर मी परत गेले आहे. टाक्या तशाच आहेत. काम चांगलं आहे, उपयोगाचं आहे, हे मी अजूनही मानते, आणि तरी टाक्यांच्या खोलीत एकटी असले की मला कातरल्याचा आवाज येतो. तो कानाला येण्याजोगा नसतो, त्यासाठी यंत्र लागतं. घरी मी जिन्याच्या कठड्याला टेकत नाही. पलंगावर बसण्याआधी दाबून बघते. मुलगी हसत शाळेला जाते, धडधाकट, आणि मी दारात उभी राहून विचार करते, आत काय असेल? डॉक्टरकडे नेऊन तिच्या सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. ते ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. घरी येऊन मी हात धुतले, आणि कोपरापर्यंत साबण लावल्यावर मला तुमची आठवण आली. तुम्ही भित्रे होतात असं मी समजत होते. तेवढं भय पोटात घेऊन तुम्ही रोज त्याच होड्यांखाली उताणे पडत होतात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तुम्हाला ते कसं जमायचं? हेच विचारायचं होतं मला. बाकी सगळं त्यासाठी लिहिलं.

भाऊ आता दुसऱ्याच्या होडीवर जातो, फायबरची आहे, आतही लाकूड नाही. तो हसतो-बोलतो. त्याचं कसं चाललंय मला माहीत नाही. हे कागद मी कुठे ठेवणार तेही ठरलेलं नाही. आईच्या हाती लागता कामा नयेत, तिला आता बाहेर कोणी गेलं तरी काळजी वाटत नाही, ते तसंच राहू दे.

परवा गावी आले होते, मावशीला बघायला दिघीला जायचं होतं. आगरदांड्याहून फेरी आहे, मोठी, लोखंडाची. गाड्या घेऊन जाते, बघता बघता पलीकडे. लोखंडाला किडा लागत नाही, हे माझ्याइतकं पक्कं कोणाला माहीत असणार? मी जेट्टीपर्यंत गेले, तिकिटाच्या रांगेत उभी राहिले, आणि माझा नंबर आला तेव्हा बाजूला झाले. आईला फोन करून सांगितलं की म्हसळ्यात बँकेचं थोडं काम आहे, तेव्हा तिकडूनच वळसा घालून जाते. आई म्हणाली, बरं, सावकाश जा. एसटीने अख्खी खाडी फिरून मी दिवस कलताना दिघीला पोचले. म्हसळ्यात माझं काही काम नव्हतं, आप्पा.